अंदाज आणि मोजणी
इंजिनाचे वंगण व ‘फ्लॅश’ स्मृती यांवरून कास्तकारांनी घ्यावयाचा धडा

गेल्या मृगाच्या अखेरीस बोरी अरब येथील आमच्या शेतात जो प्रकार घडला, तो सांगण्यास संकोच वाटतो. कारण त्यात दोष दुसऱ्या कोणाचा नसून आमचाच होता. तथापि झालेली चूक झाकून ठेवण्यापेक्षा ती चारचौघांत सांगितल्याने दुसऱ्याचे नुकसान टळत असेल तर सांगणेच इष्ट, असे समजून आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

दोन दिवस पाऊस होऊन जमिनीस उत्तम वाफसा आला होता. सोयाबीन व तूर यांची पेरणी ट्रॅक्टरने चालली होती. पुतण्या ट्रॅक्टरावर होता आणि आम्ही बांधावर बसून बियाण्याच्या पिशव्यांचा हिशोब ठेवीत होतो. दुपारी दोनच्या सुमारास इंजिनातून ठोके पडल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि पुतण्या ते बंद करतो न करतो तोच ते जागच्या जागी जाम झाले. दारव्ह्याहून मिस्त्री आणविला. त्याने इंजिन उघडले तेव्हा बेरिंगाचा पत्रा सोलून निघालेला व क्रँकवर खोल चरे पडलेले दिसले. तेलाची पट्टी काढून पाहावी तो तेल खालच्या खुणेच्याही खाली! तळाच्या बुचातून ते थेंब थेंब गळत होते, आणि तेलाचा दाब उतरल्याची सूचना देणारा लाल दिवा पूर्वीच निकामी झालेला होता.

आम्ही तीस वर्षे महसूल खात्यात दप्तर सांभाळलेले. ट्रॅक्टराचीही आम्ही वही ठेविली होती. किती तास चालला, डिझेल किती घातले, तेल केव्हा बदलले, हे सर्व रकाने त्यात होते. तेल २५० तासांनी बदलावयाचे. त्या दिवशी १९० तास भरले होते. म्हणजे अजून ६० तास शिल्लक. शेवटचा रकाना ‘तेलाची पातळी’ असा होता, आणि त्यात आम्ही रोज सायंकाळी घरी बसून ‘ठीक’ असा शब्द लिहीत होतो. पट्टी काढून पाहिली काय, असे आम्ही पुतण्यास एकदाही विचारले नाही. हिशोब बिनचूक होता. इंजिनात तेल मात्र नव्हते. दुरुस्तीस बारा दिवस लागले, पुढे पावसाने उसंत दिली नाही, सहा एकरांची पेरणी पंधरवड्याहून अधिक लांबली, आणि त्या तुकड्याचे उत्पन्न शेजारच्या तुकड्याच्या निम्म्यावर आले.

त्याच पावसाळ्यात दुसरा प्रकार घडला. आमच्या वडिलांनी स्वहस्ते लिहिलेली एक शेतवही होती. कोणत्या धुऱ्यापाशी पाणी साचते, कोणत्या साली कोणत्या तुकड्यात काय पिकले, हे सर्व तीत होते. तिला वाळवी लागू लागली म्हणून सात वर्षांपूर्वी आम्ही तिच्या पानांच्या प्रतिमा पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घेतल्या व निश्चिंत झालो. पेन ड्राइव्ह टिनाच्या खोलीतील पेटीत पडून राहिला. पुढे वही वाळवीने खाल्ली. यंदा पेन ड्राइव्ह लावून पाहिला तो जवळजवळ निम्मी पाने उघडली नाहीत. ती आता कोठेही नाहीत.

इंजिनाचे तेल आणि पेन ड्राइव्ह यांचा परस्परांशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो समजून घेतल्याने आमचे डोळे उघडले. दोन्ही ठिकाणी सारा भार एका अतिशय पातळ पापुद्र्यावर असतो. तो पापुद्रा डोळ्यांस दिसत नाही. म्हणून तो शाबूत आहे की नाही हे शास्त्रज्ञांस गणिताने अंदाजावे लागते व उपकरणाने मोजावे लागते. नुसत्या अंदाजाने भागत नाही आणि नुसत्या मोजणीनेही भागत नाही.

हे तत्त्व आम्हा महसूलवाल्यांस नवे नसावे. आम्ही नोकरीत नवे असताना एका गावाची नजरअंदाज पैसेवारी काढण्याच्या कामी होतो. रस्त्याच्या कडेची पिके डोळ्यांत भरली, आणि तेवढ्यावरून आकडा ५० पैशांच्या वर धरला गेला. पुढे आतल्या शेतांत पीक कापणीचे प्रयोग झाले तेव्हा माल पुष्कळच कमी भरला. ५० पैशांच्या वर की खाली, यावर त्या गावास सवलत मिळणार की नाही हे ठरत होते. कापणी झाली नसती तर आमच्या नजरेने गावाचा घात केला असता. पण उलटही खरे आहे. गावातील प्रत्येक शेत कापून तोलणे अशक्य. म्हणून थोडी शेते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून, त्यांतील मोजलेला चौकोन कापून, त्यावरून साऱ्या भागाचा हिशोब बसवावा लागतो. हा हिशोब शास्त्रशुद्ध करण्याचा पाया १९४० ते १९५० या दशकात डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. वि. गो. पानसे या दोघा महाराष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञांनी घातला. चौकोन फार लहान घेतला तर कडेवरची झाडे हातून आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते, हेही त्या काळच्या प्रयोगांतूनच स्पष्ट झाले. म्हणजे मोजणीसही स्वतःचे दोष असतात, आणि ते गणिताने ओळखावे लागतात.

आता इंजिनाकडे वळू. फिरणारा दांडा आणि त्याला धरून ठेवणारे बेरिंग यांच्यामध्ये तेल घालतात हे लहान मूलही जाणते. परंतु तेल तेथे नेमके काय करते? शंभर-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत समजूत अशी होती की, तेलाने पृष्ठभाग बुळबुळीत होतो, म्हणून घर्षण कमी होते. इंग्लंडातील यंत्रशास्त्रज्ञांच्या संस्थेने बोशांप टॉवर या अभियंत्यास रेल्वेच्या आसांच्या बेरिंगांवर प्रयोग करण्यास नेमले; त्याचा पहिला अहवाल १८८३ साली निघाला. टॉवर यांच्या यंत्रात ४ इंच व्यासाचा दांडा होता. वरून पितळी बेरिंगाने भार टाकला होता आणि दांड्याचा खालचा भाग तेलात बुडत होता. तेल वरून घालता यावे म्हणून त्यांनी बेरिंगाच्या माथ्यावर एक भोक पाडले. यंत्र सुरू करताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले! त्यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर लोटली गेली. तेव्हा त्यांनी तेथे दाबमापक बसविला. बेरिंगावर टाकलेला सरासरी भार दर चौरस इंचास १०० पौंड होता. दाबमापकावर २०० पौंडांपर्यंत खुणा होत्या आणि काटा त्यांच्याही पलीकडे गेला.

टॉवर यांनी माप घेतले. त्याचा अर्थ सांगितला तो मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातील प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी, १८८६ साली. ओलीत करणारास ठाऊक आहे की, पाट जेथे निमुळता होतो तेथे पाणी फुगते. दांडा आणि बेरिंग यांचे मध्यबिंदू तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे त्यांमधील फट एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस निमुळती होते. फिरता दांडा तेलास आपल्याबरोबर ओढून त्या निमुळत्या जागेत कोंबतो. तेथे दाब चढतो, आणि त्या दाबावर सारा भार तरंगतो. तेल चांगले असून दांडा पुरेशा वेगाने फिरत असेल तर धातूस धातू लागतच नाही. रेनॉल्ड्स यांनी हे सर्व एका समीकरणात बसविले. टॉवर यांच्या प्रयोगांत ऑलिव्हचे तेलही होते. ते तापल्यावर किती पातळ होते हे रेनॉल्ड्स यांनी स्वतः मोजून हिशोबात धरले. दांडा व बेरिंग यांच्या त्रिज्यांतील सूक्ष्म फरक टॉवर यांनी मोजलेला नव्हता. तो रेनॉल्ड्स यांनी टॉवर यांच्याच आकड्यांवरून उलट हिशोबाने काढला. टॉवर नसते तर रेनॉल्ड्स यांस प्रश्नच सुचला नसता. रेनॉल्ड्स नसते तर टॉवर यांचे आकडे नुसते आश्चर्य म्हणून राहिले असते.

आमच्या दारव्हे तालुक्यातून यवतमाळ-मूर्तिजापूर अशी जी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ धावत असे, तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली त्याच मँचेस्टर येथे बांधलेले होते. १९९४ पर्यंत ते चालले. पुढे डिझेलचे आले, आणि आता तर ती गाडीच बंद आहे. लहानपणी आम्ही स्टेशनात उभे राहून पाहत असू की, गाडी थांबताच एक मनुष्य लांब नळीची झारी घेऊन उतरे, चाकांच्या सांध्यांत तेल सोडी आणि हाताच्या पाठीने धातू चाचपून तो किती तापला हे पाही. त्या वेळी आम्हांस ती करमणूक वाटे. आज कळते की, तो मनुष्य प्रत्येक स्टेशनावर माप घेत होता.

पुढे १९०२ साली जर्मनीतील श्ट्रिबेक यांनी निरनिराळ्या वेगांवर घर्षण मोजून दाखविले की, वेग अगदी कमी असता घर्षण फार असते, वेग वाढता ते उतरते, आणि तेलाचा पापुद्रा पुरता बनल्यावर पुन्हा हळूहळू चढते. यावरून कास्तकाराने एवढे ध्यानी धरावे की, इंजिनाची खरी झीज सुरू होताना व बंद होताना अधिक होते. कारण त्या वेळी पापुद्रा पुरता बनलेला नसतो. चालू इंजिनात क्रँकच्या बेरिंगातील तेलाचा सर्वांत पातळ थर साधारण काही मायक्रॉन, कित्येकदा एकच मायक्रॉन असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. बारीक धुळीचा कण या थरापेक्षा मोठा असतो. एअर फिल्टर साफ न ठेवणाराने हे प्रमाण मनात आणावे.

तेलाचा दाटपणा हाही असाच विषय होय. डब्यावर ‘१५ डब्ल्यू ४०’ असा जो आकडा असतो त्यातील ४० चा अर्थ असा की, १०० अंश उष्णतेवर त्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ या ठरीव मर्यादेत राहिला पाहिजे. तेच तेल ४० अंशांवर सुमारे सात-आठ पट दाट असते. म्हणजे बोटाला चोळून ‘तेल चांगले दाट आहे’ असे सांगणारा मनुष्य थंड तेलाविषयी बोलत असतो. इंजिनाच्या पोटातील तापलेल्या तेलाविषयी त्यास काहीच कळलेले नसते.

अलीकडे हा पापुद्रा प्रत्यक्ष मोजण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत. १९५९ साली डाउसन व हिगिन्सन यांनी गणकयंत्राच्या साहाय्याने हिशोब करून दाखविले की, अतिशय दाबाखाली पोलादही किंचित चेपते व तेल घट्ट होते, आणि म्हणूनच दातेरी चाकांत व गोळ्यांच्या बेरिंगांतही तेलाचा थर टिकतो. या हिशोबाची कसोटी त्यानंतरच्या दशकात लंडनमध्ये लागली. काचेवर पोलादी गोळी फिरवून, मधल्या तेलात दिसणाऱ्या इंद्रधनुष्यासारख्या रंगांवरून त्याची जाडी मोजण्यात आली. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग आपण सर्वांनी पाहिले आहेत. तेच हे रंग. आता तर कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी बेरिंगाच्या बाहेरून सोडून, परत येणाऱ्या लहरींवरून चालू यंत्रातील तेलाच्या थराची जाडी काढतात. इंजिन उघडावे लागत नाही.

आता दुसरा पापुद्रा. पेन ड्राइव्ह, मोबाइल, तसेच ट्रॅक्टरावरील व शेतातील ओलावा मोजणाऱ्या नव्या उपकरणांतील नोंदी ज्यात राहतात त्या स्मृतीस ‘फ्लॅश’ म्हणतात. तिचे बीज काहंग व झे यांच्या १९६७ च्या शोधात आहे. जपानातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ व १९८७ साली तिला आजचे रूप दिले. तिची रचना कास्तकारास समजेल अशी सांगावयाची तर ती धान्याच्या लक्षावधी बारीक पेवांसारखी आहे. प्रत्येक पेवात विजेचे कण कोंडून ठेवतात. पेव भरले की रिकामे, यावरून अक्षर वाचतात. पेवास दार नाही. भोवती वाळूच्या जातीच्या सिलिकाचा पापुद्रा असतो आणि तो केवळ ८ ते १० नॅनोमीटर जाड, म्हणजे केसाच्या जाडीचा सात ते नऊ हजारावा भाग असतो. मग कण आत जातात कसे? विजेचा जोर अतिशय वाढविला की ते भिंत न फोडता भिंतीतून पलीकडे उमटतात. हा नियम फाउलर व नॉर्डहाइम यांनी १९२८ साली गणिताने मांडला, आणि सिलिकाच्या पापुद्र्यात तो खरोखर लागू पडतो हे १९६९ साली लेन्झलिंगर व स्नो यांनी मोजून दाखविले. येथेही चाल तीच; अगोदर प्रतिकृती, मागून मोजणी.

परंतु प्रत्येक लेखनात व पुसण्यात भिंतीस थोडी इजा होते. प्रत्येक पेवात एकच खूण ठेवणारी जुनी दणकट स्मृती सुमारे एक लक्ष वेळा लिहिता-पुसता येई. थोड्या जागेत पुष्कळ मजकूर कोंबणाऱ्या आजच्या स्वस्त स्मृतीस काही हजार वेळा, कित्येकदा सुमारे एक हजार वेळाच, हे सोसते. शिवाय आत कोंडलेले कण हळूहळू झिरपतात, आणि उष्णतेने ते अधिक वेगाने झिरपतात.

‘दहा वर्षे टिकेल’ असे कारखानदार कशावरून सांगतो? त्याने काही दहा वर्षे वाट पाहिलेली नसते. तो चकत्या भट्टीत तापवितो आणि स्वीडनचे अऱ्हेनियस यांनी १८८९ साली मांडलेल्या नियमाने हिशोब करतो. रूढ आकडे घेतले तर १२५ अंशांवरील सुमारे चार दिवस हे ५५ अंशांवरील १० वर्षांच्या बरोबरीचे निघतात. हिशोब सुंदर आहे. पण पुष्कळदा लिहून-पुसून जर्जर झालेल्या भिंतीतून कण झिरपण्याची दुसरीही एक वाट असते, आणि ती वाट उष्णतेने फारशी वेगवान होत नाही. अशा स्मृतीची केवळ भट्टीत परीक्षा घेतली तर निकाल फसवा निघतो. म्हणून कोणत्या वाटेने किती कण गेले हे वेगवेगळे मोजून मग गणित बसवावे लागते. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २००६ साली सूक्ष्म विद्युत्-साधनांचे खास केंद्र स्थापन झाले. त्या संस्थेतील प्रा. सौविक महापात्र यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लॅश स्मृती व तत्सम साधने कशी झिजतात यावर मापन व गणिती प्रतिकृती यांची सांगड घालून काम केले आहे. इंजिनांच्या बाबतीत पुण्यास १९६६ साली स्थापन झालेली वाहनसंशोधन संस्था चाचण्यांचे काम करते. ही कामे दूर परदेशात चालतात असे आमच्या वाचकांनी समजू नये.

या साऱ्यातून कास्तकाराने काय घ्यावे, ते आता थोडक्यात सांगतो.

इंजिन रोज सुरू करण्यापूर्वी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा असता, तेलाची पट्टी पुसून, पुन्हा घालून पाहावी. आणि वहीत ‘ठीक’ असे न लिहिता तेल कोणत्या खुणेपाशी आहे ते लिहावे. तासांचा हिशोब हा केवळ अंदाज आहे. पट्टी हे माप आहे. दोहोंत विरोध आला तर मापावर विश्वास ठेवावा व अंदाज का चुकला ते शोधावे. बहुधा कोठे तरी गळती सापडेल. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर अधिकच सावध व्हावे. तेलात डिझेल किंवा पाणी उतरले असण्याचा संभव असतो. दाबाचा दिवा किल्ली फिरविताच लागतो व इंजिन सुरू होताच विझतो. किल्ली फिरवूनही न लागला तर तो बिघडला आहे असे समजून आधी तो नीट करावा. इंजिन सुरू होताच त्यास भार देऊ नये. तेल डब्यावरील आकडा पाहून, यंत्राच्या पुस्तकात सांगितलेलेच घ्यावे.

फेरफार, वाटणीपत्र, मोजणीचा नकाशा, विम्याची पावती अशा कागदांची एकमेव प्रत पेन ड्राइव्हमध्ये कधीही ठेवू नये. २०२१ पासून ई-पीक पाहणीने पिकाची नोंद आपण स्वतः मोबाइलवरून करू लागलो आहोत. तीही झाल्यावर एक प्रत कागदावर काढून ठेवावी. पेन ड्राइव्ह टिनाखाली वा उन्हात ठेवू नये. आमच्या भागात वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि टिनाच्या खोलीतील पेटीत तो किती चढत असेल याची कल्पनाच करावी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास म्हणा, प्रत्येक नोंद उघडून पाहावी व नव्या साधनावर उतरवून घ्यावी. उघडून पाहणे हीच तेथली तेलाची पट्टी होय.

आमचे नुकसान पैशांत मांडले तर इंजिनाचे अधिक झाले. मनास लागले ते मात्र वडिलांच्या वहीचे. त्यांनी प्रत्येक तुकड्याचा माल काट्यावर तोलून आकडा लिहिलेला होता. अंदाज त्यांस खपत नसे. जी पाने उघडली ती आम्ही यंदा कार्तिकात कागदावर उतरवून काढली. निम्म्या वर्षांच्या जागी कोरी पाने सोडली आहेत. ती आठवणीने भरण्याचा मोह झाला होता, परंतु तो आवरला. त्यापुढे आमची स्वतःची वही सुरू केली असून तिच्या पहिल्याच पानावर त्या सहा एकरांत यंदा प्रत्यक्ष तोलून भरलेला माल लिहिला आहे. आकडा लाजिरवाणा आहे. पण तो मोजलेला आहे.